सोमवार बंद

फाटकावर बोर्ड: वेळ दहा ते पाच. सोमवार बंद.
खाली बैलगाडीचं चित्र, चाकाला आरे पाचच.
गार्गी विचारते, आजोबा, सोमवारी म्हशी कुठं जातात?
बत्तीस वर्षं कंडक्टर होतो मी,
सांगली-जत, सांगली-तासगाव, कधी उमदी मुक्कामी.
गाडी कुठं जाते ते सांगता येतं.
म्हशींचं ठाऊक नाही.

मोठ्यांना चारशे, लहानांना अडीचशे, झुणका-भाकर धरून.
पावती नाही. मनगटाला निळी कागदी पट्टी.
तिचं टोक मी सवयीनं दुमडलं.
चेक झालं.

मालक शांतिनाथ मगदूम, कॉलरला माईक:
इकडं द्राक्षाचा मांडव, तिकडं ससे, पलीकडं झोके.
वडिलांच्या वेळी इथं नुसती हळद होती,
आता हळद बघायला माणसं येतात, म्हणाले,
आणि स्वतःच हसले, जरा उशिरा.

हळद शिजत होती.
वास आपल्या डब्यातला नव्हे,
मातकट, उग्र, नाकाच्या मुळाशी बसणारा.
पुण्याचे दोन तरुण कुकरला टेकून फोटो काढत होते.
कुसुमअक्का फावडं आपटून म्हणाल्या,
मागं सरा, न्हाईतर फोटोत भाजाल.

मग बैलगाडी. विहीर ते ससे, ससे ते विहीर.
माझ्या हिशेबानं अर्धा टप्पाही नाही.
दिवसात किती फेऱ्या, मी इमामभाईंना विचारलं.
रविवारी बावीस.
आणि सोमवारी?
सोमवारी खत ओढत्यात. गप असत्यात दोघं.
हौश्याच्या शिंगाला गोंडा, बाज्याचा पडलेला.
गार्गी म्हणाली, म्हणजे बैल कळले. म्हशी राहिल्या.

साडेतीनला म्हशीनं ऐकलं नाही कुणाचं.
दूध काढून बघण्याची रांग लागली होती,
तिसऱ्या दावणीची मात्र कडेला आडवी झाली.
मगदूम धावले. माईक कॉलरलाच, चालू.
मग सगळ्या बागेला ऐकू आलं:
झोक्यांना, सशांना, ताटं घेऊन उभ्या माणसांना,
एका माणसाचा श्वास, आणि
हळू गं बाय, हळू. आलंय. थोडं. थोडंच.
कुणी माईक बंद कर म्हणालं नाही.

आधी दोन खूर, त्यावर ठेवलेलं नाक.
मग सगळंच एकदम, ओल्या पोत्यासारखं.
गार्गीनं माझं बोट इतकं आवळलं
की निळी पट्टी तुटली.
म्हैस वळली आणि चाटू लागली,
काम राहिलंय आणि दिवस सरतोय, तशी.

रेडकू उठायला बघत होतं.
मागचे पाय उभे, पुढचे गुडघ्यात,
मग पुढचे उभे आणि मागचे गेले.
चार पाय आहेत हे त्याला कळलं होतं,
कोणता कधी, एवढंच राहिलं होतं.

आणि पाच वाजले.
शिट्टी. चला, चला, बाहेर. वेळ संपली.
गार्गी म्हणाली, पण ते उभं कुठं राहिलंय?
शिट्टीवाला पोरगा बिचारा म्हणाला, उद्या या.
मग त्यालाच आठवलं, उद्या सोमवार.

कसबे डिग्रजच्या थांब्यावर सव्वापाचची आली.
मी हात केला नाही.
आयुष्यभर दुसऱ्यांना चला, चला म्हणालो,
धावत येणारी म्हातारी दिसली की मात्र
दोरी हातात धरून गप उभा राहायचो,
ड्रायव्हर आरशातून बघायचा, बघू दे.
तसाच उभा राहिलो.

कुंपणापलीकडं आता आमच्यासाठी काहीच चाललं नव्हतं.
बादलीचा आवाज. अक्कांचं कुणावर तरी ओरडणं.
माईक कुणीतरी काढला असावा.
मग एक म्हैस हंबरली, तीच की दुसरी, कोण जाणे.
गार्गीनं माझ्याकडं पाहिलं.
उठलं असेल?
असेल, मी म्हणालो.
आणि दोरी ओढल्यासारखा हात वर केला, दोनदा.

पुढची गाडी सहाची होती.